गुणाबाईचा रंग

धसईजवळच्या एका वाडीत मी अंगणवाडी चालवते. पोरांवर माझा जीव आहे, पण डोकं तापायलाही वेळ लागत नाही. गेल्या महिन्यात पर्यवेक्षिका मॅडमनी लाल कार्ड दाखवून विचारलं, "हा कोणता रंग?" चार वर्षांची चिमी ठसक्यात म्हणाली, "गुणाबाईचा!" पिवळा लहानीचा निघाला, हिरवा जाणूचा. मॅडमनी वहीत शेरा मारला: मुलांना रंग येत नाहीत. पुन्हा असंच दिसलं तर मला नोटीस मिळणार होती.

चूक पोरांची नव्हती. आईला सोडून हिंडणारी कोंबडीची पिलं वाडीत एकमेकांत मिसळतात, म्हणून जो तो आपल्या पिलांच्या पाठीवर आपला रंग लावतो: गुणाबाई लाल, लहानी पिवळा, जाणू हिरवा. पोरांनी रंग पाहिले ते कोंबड्यांवर, मालकासकट.

महिनाभर मी घसा फोडला. गाणी झाली, मणी झाले, फुगे फुटले. पालथ्या घड्यावर पाणी!

मॅडम येणार त्या सकाळी मी तीन बशांत रंग कालवले. म्हटलं, बोटं बुडवा आणि कागदावर हवं ते काढा. लगेच लाल बशीवरून मारामारी. मी ओरडले, "एकट्याने धरून बसायचं नाही! सगळ्यांना सगळे रंग मिळाले पाहिजेत!" आणि खिचडी ढवळायला मागे गेले.

परत येते तर खोली रिकामी. पोरं अंगणात, आणि त्यांच्यापुढे वाडीतली झाडून सगळी पिलं. प्रत्येकाच्या पाठीवर लाल, पिवळा, हिरवा.

"बाई, सगल्यांना सगले दिले," चिमी म्हणाली. माझं इतकं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

एकाच पिलाचा एक पाय गुणाबाईच्या हातात, दुसरा लहानीच्या. "आता माजी कोनची नि हिची कोनची गो?" गुणाबाई कडाडली. "पोरांना धाडनारच नाय आमी!"

तेवढ्यात मॅडमची स्कूटी आली. मला रडूच यायचं बाकी होतं.

मॅडम आत बसल्या, लाल कार्ड काढलं. चिमीने कार्ड पाहिलं, मग दारातून अंगणात पाहिलं. मी डोळे मिटले.

"लाल."

"गुणाबाईचा नाही?" मॅडमनी विचारलं.

"आता कोनाचाच नाय. नुसता लाल."

पिवळा, हिरवा तर सगळी पोरं एका सुरात ओरडली. मॅडमनी 'उत्तम' असं लिहिलं आणि वही पिशवीत ठेवली. मी चिमीला उचलून तिचा पापा घेतला.

दारात गुणाबाई उभी राहिली, काखेत ते पिलू. "मॅडम, पोरांना रंग आले, बरं झालं. आता तुमीच सांगा, हे पिलू कोनाचं?"

चिमीने माझ्या कडेवरूनच हात वर केला.

"सगले रंग हायत ना? मंग बाईंचा! सगलीच बाईंची!"

मॅडमनी वही पुन्हा बाहेर काढली.