तीन शब्दांचा शिक्का

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला तीनच शब्द बोलता आले: 'नोकरी स्वेच्छेने सोडली.' आता तेही येत नाहीत. ते कसे गेले, ते सांगतो. दमाने ऐका. मी जुना शिक्का आहे, मला कुठे जायचे नाही.

माझा जन्म अकोल्यातल्या एका शिक्केवाल्याच्या टपरीत झाला. सागवानी मूठ, तिच्याखाली स्पंजाची पातळ गादी आणि गादीवर चिकटवलेली रबराची पट्टी, एवढाच माझा देह. पट्टीवरची अक्षरे उलटी असतात, कागदावर पडली की सुलटी होतात. त्यामुळे आपण काय बोललो ते मला बोलून झाल्यावरच कळायचे. ही खोड पुष्कळ माणसांनाही असते म्हणा.

मला बनवून घेतले देवमन दिवाणजींनी. एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये ते कारकुनी करीत. हजेरी, पगार, विमा, सगळे त्यांच्याच गळ्यात. कामगार कामावरून गेला की तो कोणत्या तारखेला गेला आणि का गेला, हे मालकाने कामगार विमा कार्यालयाला कळवायचे असते. मिलचे मालक गजेंद्रशेठ नुसती सही करीत, बाकी सारे दिवाणजी बघत. त्या काळी पेरणीचे दिवस आले की पंधरा-वीस हमाल एकदम गावाकडे निघत. कोणी बाळापूरकडचा, कोणी चांदूर बाजारचा. 'येतो जी दिवानजी,' म्हणायचे आणि गाठोडे उचलायचे. प्रत्येकाच्या कागदावर तेच एक कारण लिहून दिवाणजींची बोटे भरून येत. एके दिवशी ते वैतागले आणि मला घेऊन आले.

तेव्हा मी खरे बोलत होतो, हे मुद्दाम सांगतो. खुशालराव नावाचे जुने हमाल अमरावतीला मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा मिलमध्ये त्यांना शेला-नारळ दिला, सगळ्यांना आलुबोंडे वाटले आणि मग त्यांच्या कागदावर मला उमटवले. खुशालराव स्वतः वाकून बघत होते. दिवाणजी म्हणाले, "काय ठसठशीत उठते, राजा!" मला फार बरे वाटले. इतके कौतुक पुढे कधी झाले नाही.

मग सवय लागली. सवय कशी लागते ते कुणालाच कळत नाही, मला तर नाहीच. कामावर उशिरा येतो म्हणून एकाला काढले, त्याच्या कागदावर मी. मंदीत चौघांना घरी बसवले, त्यांच्या कागदांवर मी. पुढे हिशेब संगणकावर गेला. तिथेही जाण्याचे कारण यादीतून निवडावे लागे. दिवाणजी कागदावरचा माझा ठसा बघत आणि यादीतून तेच निवडून टाकत. नत्थुजी हमाल घरी तापाने वारले. त्यांचाही कागद आला, दिवाणजींचा हात उठला आणि मी उमटलो. मेलेला माणूस नोकरी स्वेच्छेने सोडून गेला! कागदावर सुलटी झालेली माझी अक्षरे मी पाहिली आणि मला माझीच लाज वाटली. पण लाजून शिक्का काय करणार? पुन्हा डबीत जाऊन पडलो.

असे दिवस चालले असताना मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन आले. डाळीतला काळा दाणा, खडा, टरफल ते बरोबर हेरते आणि फुंकून बाहेर टाकते. तेच काम सात बायका हाताने करीत. एका शनिवारी गजेंद्रशेठनी त्यांना बोलावले आणि सांगितले, "सोमवारपासून येऊ नका." सात कागद टेबलावर आले, त्यांवर सात अंगठे-सह्या झाल्या आणि दिवाणजींनी मला सात वेळा आपटले. धप, धप, धप. जेवायची वेळ झाली होती, त्यांना घाई होती.

त्या सातांत पंचफुलाबाई होत्या. अकरा वर्षे त्या या मिलमध्ये डाळ निवडत होत्या. नवरा नाही. माया नावाची एकच मुलगी, अमरावतीला नर्सिंग शिकते, शेवटचे वर्ष. मायानेच मोबाइलवर वाचून आईला सांगितले होते की, विमा असलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याला आयुष्यात एकदा, तीन महिने निम्मा पगार मिळतो. त्यासाठी मालकाने नोकरी गेल्याचे खरे कारण कळवावे लागते, एवढेच. तीन महिन्यांत दुसरे काम सापडले असते आणि मायाची शेवटची परीक्षा झाली असती. पंचफुलाबाईंनी अर्ज केला. महिन्याने तो परत आला.

तो कागद घेऊन त्या मिलमध्ये आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या, पण बसल्या नाहीत.

"दिवानजी, हे वाचून दाखवा जी."

दिवाणजींनी चष्मा लावला. "अर्ज नामंजूर. कारन, तुमी नोकरी स्वतःहून सोडली."

"मी कवा सोडली?"

दिवाणजींनी कागद खाली ठेवला. "अवं बाई, तो शिक्का हाय. सगळ्याइलेच मारतो."

"सगळ्याइलेच खोटं लिवता?" पंचफुलाबाईंचा आवाज चढला नव्हता. "नत्थुजी मेले, त्याइच्या कागदावर बी हेच होतं. शकुनबाईनं दाखवलं होतं मले. तवा आमी दोघी हासलो जी. आता हासू येऊन नाई राह्यलं."

शकुनबाई म्हणजे नत्थुजींची बायको. दिवाणजींचा चेहरा उतरला. त्यांनी डबी उघडली, मला उचलले आणि पहिल्यांदाच माझ्या पोटावरची उलटी अक्षरे एकेक करून वाचली. वाचायला त्यांना वेळ लागला.

"मले पैसा त पाह्यजेच," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पोरीचं वर्ष जाईन नाई त. पन त्याहून सांगतो तुमाले, अकरा वर्सांत मी एक खाडा नाई केला. मी सोडलं म्हनून लिवू नका. मले काढलं."

दिवाणजी मला हातात घेऊनच शेठजींच्या केबिनमध्ये गेले. गजेंद्रशेठ वाईट माणूस नव्हते. दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा डबा देत. पण कटकटीचे नाव काढले की त्यांना घाम फुटे.

"काढलं म्हणून कळवलं तर चौकशी लागते, दिवाणजी. सातही जणींचं निघते मग. मागचंही निघते. काहून उगी लफडं वाढवता?"

"पन ते खरं हाय, शेठजी."

"खरं कोण नाही म्हणून राहिलं? मी तिले माह्या खिशातून काही देतो. शिक्का तेवढा राहू द्या."

पंचफुलाबाईंनी खिशातले नको म्हटले आणि विमा कार्यालयात जाऊन तक्रार लिहून दिली. दहाव्या दिवशी मिलला पत्र आले: कामगार म्हणते काढले, तुम्ही म्हणता सोडले. खरे काय ते आठ दिवसांत कळवा. पंचफुलाबाईंचे तीन महिने त्या एका उत्तरावर अडकले होते. गजेंद्रशेठ लग्नाला नागपूरला चालले होते. त्यांनी कोऱ्या लेटरहेडवर सही केली आणि म्हणाले, "मागचंच कळवून द्या. शिक्का मारा आणि पाठवा."

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातला मोठा क्षण येतो, आणि त्यात मी काहीच केले नाही. दिवाणजींनी मला पॅडवर दाबले. शाई लागली. मला कागदाच्या वर धरले. पण आपटले नाही. साठीला दोन वर्षे कमी असलेला माणूस, घरी दम्याची बायको, दुसरीकडे कोण ठेवणार? मला बोलायचे होते, 'नको, दिवाणजी.' पण माझ्याजवळ शब्द तीनच, आणि तेच तर नको होते.

त्यांनी मला टेबलावर आडवे ठेवले. मग पेन घेतले आणि सावकाश लिहिले: 'मशीन आल्यामुळे सात महिला कामगारांना मालकांनी कामावरून कमी केले. आधी दिलेले कारण चुकीचे होते. ते माझ्या हातून गेले.' सात नावे घातली. शेठजींच्या सहीच्या बाजूला आपलीही सही केली. पत्र स्वतः टपालात टाकून आले. आल्यावर त्यांनी ब्लेड काढले आणि माझ्या पट्टीवरची अक्षरे एकेक करून तासून टाकली. दुखले का, असे विचाराल, तर नाही. फार वर्षांनी हलके वाटले.

पंचफुलाबाईंचा भत्ता मंजूर झाला. बाकीच्या सहा जणींनीही मग अर्ज केले. चौकशीला एक साहेब आले, चहा प्याले, जुनी कागदपत्रे बघून शेठजींना खडसावून गेले. आकाश कोसळले नाही. पण शेठजींच्या मनात अढी बसली. मी त्या डबीत तसाच पडून होतो, अंगावर धूळ, शेजारी सुकलेले पॅड. चार महिन्यांनी शेठजींनी हिशेबाचे काम बाहेरच्या एका ऑफिसला दिले आणि दिवाणजींना बोलावले.

"दिवाणजी, तुमचंही वय झालं. आता आराम करा."

दिवाणजी नुसते "हव" म्हणाले.

शेठजींनी दिवाणजींचा कागद पुढे ओढला, दिवाणजींच्या टेबलावरून मागवलेली डबी उघडली, पॅडवर नवी शाई ओतली आणि मला घासून त्या कागदावर दाबले. जोरात दाबले. उचलले तर कागदावर निळा चौकोन. अक्षर एकही नाही. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा निळा चौकोन. त्यांनी मला उलटे करून पाहिले, मग दिवाणजींकडे पाहिले.

दिवाणजींनी आपल्या खिशातले पेन काढून त्यांच्यासमोर ठेवले. "हातानं लिवा, शेठजी. जे झालं ते लिवा."

मला वाटले, पेन भिरकावतील. शेठजींनी ते बराच वेळ बोटांत फिरवले. मग त्या निळ्या चौकोनांखाली लिहिले, 'कामावरून कमी केले.' लिहिता लिहिता ते थांबले. पुढे आपणहून लिहिले, 'बावीस वर्षे प्रामाणिक सेवा.' त्यांचे अक्षर फार वळणदार होते. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच पाहिले.

मला त्यांनी टोपलीत टाकले. जाताना दिवाणजींनी मला उचलून खिशात घातले.

आता मी बाळापूरला असतो. दिवाणजी घराच्या ओट्यावर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देतात आणि वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मला त्यांवर ठेवतात. परवा पंचफुलाबाई आल्या होत्या. त्या आता अमरावतीला मुलींच्या मेसमध्ये कामाला आहेत आणि माया दवाखान्यात लागली आहे. पेढा ठेवायला जागा करताना त्यांनी मला उचलले. "हा तोच का जी?" म्हणाल्या. पालथा करून कोरी पट्टी बोटाने चाचपली आणि मला परत कागदांवर ठेवले, अगदी हळू.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्याही हातात कधी शिक्का येईल, कधी सही, कधी संगणकावरचे बटण. दाबायच्या आधी एकच करा. ज्याचा कागद आहे त्याला समोर बोलवा, बसवा आणि विचारा, 'सांगा जी, काय झालं?' मला ते कधी विचारता आले नाही.