ओलं फडकं

“काहीच नाही,” स्वरदा म्हणाली. भट्टी तापत होती, तरी मीटरचा आकडा शून्यावरून हलत नव्हता.

बारामतीच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ती संशोधन करायची आणि कुंडलिक तिथला शिपाई होता. कितीही तापवली तरी न वितळणारी पिवळसर फिल्म वीज किती काळ धरून ठेवते, हे तिला पाहायचे होते. उन्हाळ्यात तिने एक तुकडा तापवला, वीज देत देतच निवू दिला आणि कपाटात उघडा ठेवला. तेव्हा तिने कुंडलिकला शेजारी बसवून सांगितले होते, “मामा, तार काढली तरी वीज आत राहते. लोणच्यात मीठ मुरतं ना, तशी. तापवली की मग बाहेर येते.”

बायको मालनबाई गेल्यापासून त्याला असे बसवून सांगणारे दुसरे कोणी उरले नव्हते. त्या कपाटाची किल्ली तो करदोट्याला बांधून फिरायचा.

“ही फिल्म बाद,” स्वरदा म्हणाली. “सरांना तसंच कळवते.”

कुंडलिक गप्प बसला असता, तर दोष फिल्मवर गेला असता.

“ताई, तिचा दोष न्हाय. मी पुसली तिला.”

“पुसली? कधी?”

“खंडेनवमीला. समद्या यंत्रांची पूजा मांडली. हिच्यावर लई धूळ बसली हुती. म्हनलं, पूजेला मळकी कशी ठेवायची? वल्ल्या फडक्यानं पुसली.”

“आणि कुंकू?”

“लावलं की. ते बी मागनं पुसलं.”

तिला हसू आले आणि लगेच विरले. “मामा, शेजारच्या काचेवर होती का एवढी धूळ?”

“न्हाय.”

“वीज होती म्हणून तर ती धूळ ओढून घेत होती. ओल्या फडक्यानं ती वीजच पुसली गेली.”

कुंडलिकने त्या पिवळ्या तुकड्याकडे बोट केले. “परत भरंल का?”

“भरेल. पण पहिल्यापासून.” तिने मीटर बंद केले. “मामा, किल्ली आता माझ्याकडे राहू दे.”

“व्हय. बराबर हाय.”

गाठ सुटायला वेळ लागला. तोवर ती खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी निरवांगीला घरी येताच त्याने रोजच्यासारखे फडके ओले केले. कोनाडा पुसला, आरसा पुसला. आरशापुढे मालनबाईची फणी होती. ती गेल्यापासून त्याने फणीवर धुळीचा कण टिकू दिला नव्हता.

फडके फणीपाशी थांबले. त्याने ते पिळून दोरीवर टाकले आणि फणी घेऊन दिव्याखाली येऊन बसला.

फणी लख्ख होती.