जैतूच्या उशाशी निळी

आम्ही बकरवाल बकऱ्या घेऊन उन्हाळ्यात डोंगर चढतो, हिवाळ्याआधी उतरतो. आमच्यात वाटेत कुणी गेलं तर त्याला वाटेतच पुरतात. कळप थांबत नाही. उशाशी निळीचं रोप लावायचं आणि पुढं चालू लागायचं. निळी म्हणजे उंच डोंगरावरचं निळ्या फुलांचं रानटी झुडूप. पानं चिकट, वास उग्र, त्यामुळं बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. हिवाळ्यात बर्फाखाली ती मेल्यासारखी दिसते, पण मुळं जिवंत असतात आणि दर उन्हाळ्यात पुन्हा फुटते. पाचशे बकऱ्यांनी कबर तुडवू नये, एवढाच त्यातला हिशोब, असं मी म्हणतो. बायका काहीबाही सांगतात.

माझी जैतू चार वर्षांची होती. निळीची पानं चुरगाळायची आणि चिकट बोटं माझ्या दाढीला पुसायची. मी ओरडलो की आणखी पुसायची. परतीच्या वाटेवर, खिंडीखालच्या कुरणात, तापाच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. मिर्जांनं, माझ्या बायकोनं, ओढ्याकाठचं करंगळीएवढं रोप आणून तिच्या उशाशी लावलं. मी दगड रचले. दुसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरलो.

पुढच्या उन्हाळ्यात वर येताना मी कुरणात एक दिवस आधी पोचलो. आमच्यात तसंच असतं. पुरुष आणि कळप पुढं, घोडी, तंबू आणि बायका मागून. येऊन बघतो तर कुरण जागेवर नव्हतंच. हिवाळ्यात वरून बर्फाचा कडा सुटला होता आणि निम्मा उतार घेऊन दरीत गेला होता. दगड नाहीत, रोप नाही. दिवसभर मी मातीत हात घालून हिंडलो. बकऱ्या कुठं चरतात याचंही मला भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिर्जां येणार होती. अख्खा हिवाळा तिनं एकच घोकलं होतं, वर गेले की जैतूपाशी बसेन. तिला काय सांगायचं? मी वरच्या अंगाला गेलो, फुललेल्या निळीचा एक ठोंब मुळांसकट खणला, उरलेल्या उतारावर बरीशी जागा बघून लावला, भोवती दगड रचले. मिर्जां आली. झाडापाशी बसली, त्याच्यावरून हात फिरवला. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय. त्या कुरणात दुपार कलली की खालून धुकं चढतं. आधी घोडी दिसेनाशी होतात, मग तंबू, मग आपलेच पाय. निळी तेवढी दिसत राहते, कारण एव्हाना त्या एका ठोंबाचं बी सगळ्या उतारावर पसरलंय. धुक्यात उतार निळा होतो आणि हळूहळू वर सरकतो असं वाटतं. करडाच्या गळ्यातली घंटा वाजते, कधी डावीकडं, कधी अगदी पायाखाली. दर वर्षी मी त्या आवाजामागं थोडा जायचो. करडं तर सगळी तंबूपाशी बांधलेली असायची. मग परत येऊन मी त्या खोट्या कबरीला पाणी घालायचो आणि मिर्जांशेजारी बसायचो. धुकं दाट झालं की आम्ही एकमेकांना दिसायचो नाही.

अशी नऊ वर्षं गेली.

यंदा परतीच्या वाटेवर, त्याच कुरणात मुक्काम असताना, तालिबनं, आमच्या मुलानं, मिठाचा चहा पिता पिता सांगून टाकलं, "अब्बा, पुढच्या वर्षीपासून बकऱ्या ट्रकनं न्यायच्या. वीस दिवसांची चाल दोन दिवसांत. या वाटेनं आता येणं नाही."

"बकऱ्यांना विचारलंस का?"

"बकऱ्या तयार आहेत. तुमच्या गुडघ्यांना विचारा."

तेवढ्यात मिर्जां उठली. तिच्या हातात कुदळ होती. कुठं निघालीस म्हटलं, तर म्हणाली, "निळी खणून नेते. परत येणं नाही म्हणतोय ना पोरगा."

मी पाण्याची मशक उचलली आणि तिच्या मागं गेलो. धुकं चढायला लागलं होतं.

"खालच्या उन्हात मरेल ती," मी म्हणालो.

"मरू दे. वाटेत तर सोबत असेल." ती झाडापाशी गुडघ्यावर बसली. "आणि जैतूच्या अंगावरची मूठभर माती घेणार आहे. मी गेले की कफनात घाला. विसरू नका, तुम्ही सगळं विसरता."

तिनं कुदळ उचलली. नऊ वर्षं मी तिला भलत्या जागी बसवलं होतं, ते चाललं होतं. पण परकी माती बरोबर घेऊन ती मातीत जाणार, हे मला सोसेना.

"थांब. जैतू इथं नाही."

कुदळ खाली आली, पण हळू. तिनं ती बाजूला ठेवली.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या वर्षीपासून माहीत आहे. मी लावलं होतं ते बियाचं रोप होतं, एवढंसं. त्याला फूल यायला तीन उन्हाळे लागतात. तुमचं एका हिवाळ्यात कमरेएवढं होऊन फुललेलं." ती चक्क हसली. "बकऱ्यांपलीकडं तुम्हाला काही कळलं असतं तर निदान बिनफुलाचं तरी आणलं असतंत."

मी चिडलो. लाज वाटली की मी चिडतोच. "म्हणजे नऊ वर्षं मला गाढव बनवलंस?"

"तुम्हीच आधी मला बनवायला निघाला होता."

"मग इथं येऊन बसायचीस कशाला?"

आता तिचा चेहरा मला धड दिसत नव्हता. आवाज तेवढा आला.

"तुम्ही बसायचा म्हणून. दुसरीकडं कुठं तुम्ही रडता?"

मला वाटत होतं, धुक्यात ते कुणाला कळत नाही.

झाड मिर्जांनं खणलं नाही. बुडाशी हात घालून मूठभर माती काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

"ही जैतूची नाही," मी म्हणालो.

"नसू दे. नऊ वर्षं तुमचं पाणी पडलंय हिच्यात."

मी मशकेतलं उरलेलं पाणी निळीच्या बुडाशी ओतलं. पानं बाजूला करताना बोटं चिकट झाली. उठलो आणि कुणी बघत नाहीसं बघून ती दाढीला पुसली. डोंगर उतरून खाली पोचेपर्यंत मी तोंड धुतलं नाही.