तंबूवाल्याने केलेली सोय

तंबूवाल्याचे हात कधी स्वस्थ म्हणून बसायचे नाहीत. लग्न असो, सभा असो, नाहीतर कुणाच्या दारातलं भांडण असो, चार माणसं जमली की हा निघालाच बांबू घेऊन!

त्या दिवशी सकाळी त्याच्या सासूबाई छाती धरून खाली बसल्या. दवाखान्यातल्या सिस्टरने तपासलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हार्ट अटॅक आहे. डोंगर उतरून मोठ्या हॉस्पिटलात पोचायला दुपार होईल. तेवढा वेळ नाही. हेलिकॉप्टर बोलावलंय, शाळेच्या मैदानावर चला."

सासूबाईंवर तंबूवाल्याचा भारी जीव. मैदानात ऊन रणरणत होतं, त्या खाटेवर घामाघूम झालेल्या, बायको रडतेय. आता घाबरलेला माणूस जे येतं तेच करणार ना? सिस्टरचं लक्ष नाडीवर, तोवर गड्याने मैदानाच्या मधोमध नवाकोरा तंबू ठोकला. झालरीसकट!

हेलिकॉप्टर आलं. एक घिरटी, दुसरी घिरटी. उतरायचं नाव नाही.

सिस्टरचा फोन वाजला. वरून पायलट विचारत होता, "अहो, तिथे लग्न कुणाचं आहे?"

सिस्टरने मान वर केली. "दादा, हे काय करून ठेवलंत!"

"ऊन लागू नये म्हणून सोय केली."

"अहो, पण ते उतरणार कुठे? तुमच्या डोक्यावर?"

तंबूवाल्याने गाठींना हात घातला. पण त्याच्याच गाठी त्या, कसल्या सुटतायत! शेवटी त्याने कोयता घेतला आणि दोर, कापड, झालर, जे हाती लागेल ते सपासप कापत सुटला. तंबू कोसळला, लोकांनी तो फरफटत कडेला नेला, आणि उडू नये म्हणून अख्खं गाव त्यावर फतकल मारून बसलं. तेव्हा कुठे हेलिकॉप्टर टेकलं. सासूबाई आणि बायको आत चढल्या. गेल्यासुद्धा.

तंबूवाला तिथेच बसून राहिला. दुपारी बायकोचा फोन आला, तर उचलायचा धीर होईना. सिस्टरनेच त्याच्या कानाला लावला.

"वेळेत पोचलो. डॉक्टर म्हणाले, गाडीने आला असता तर वाचल्या नसत्या."

"शुद्धीवर आहेत?"

"आहे की! तंबूचं सांगितलं मी. म्हणाली, जावईबापूंना सांग, तुम्ही शुद्ध गाढव आहात."

तंबूवाला ओक्साबोक्शी रडायला लागला. मग डोळे पुसत उठला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "गाढव म्हणाल्या हो मला! अगदी स्पष्ट म्हणाल्या!"