उजवा पाय आधी

प्लास्टर निघालं त्या दिवशी गिरजाबाईंनी आपला उजवा पाय पाहिला आणि पदर तोंडाला लावला. हा पाय आपला नव्हेच, असं त्यांना वाटलं. मांडी वाळून गेलेली, कातडी पांढुरकी पडलेली, गुडघा तेवढा मोठा दिसत होता. कार्तिकात धानकापणीच्या दिवसांत डोक्यावर भारा घेऊन त्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, येत होत्या. दवानं ओल्या गवतावरून पाय सटकला आणि गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हापासून सहा आठवडे तो पाय चुन्यात बंद होता.

"हाड जुळलं आहे," भंडाऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

"जुडलं ना? मंग चालत काहून नाई हे?" यादोरावांनी विचारलं. बायको दुखणाईत पडल्यापासून त्यांना प्रत्येक डॉक्टरचा थोडा थोडा राग येत असे.

"आता पायात जोर आणायचा आहे. त्याच्या वेगळ्या बाई आहेत. दर गुरुवारी येतात."

त्या बाई म्हणजे सुलोचनाबाई. शहापूरच्या लेक, नागपूरला शिकून आलेल्या, वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस. गिरजाबाईंना वाटलं होतं, त्या तेल लावून चोळून देतील. सुलोचनाबाईंनी तर शिंप्यासारखी टेप काढली. आधी डावी मांडी मोजली, मग उजवी.

"दीड इंचाचा फरक आहे, मावशी. सहा आठवडे मांडीला काही कामच नव्हतं, म्हणून ती झोपी गेली. तिला उठवायचं आहे."

"मालिश करू का मंग? आमच्या गावात एक बुढी हाय, बहुत चांगलं चोळते."

"गुडघ्यावर जोरानं चोळून घेऊ नका. जोर चोळल्यानं येत नाही, काम केल्यानं येतो. आणि ते काम तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही."

मग त्यांनी पंच्याची घट्ट गुंडाळी करून गिरजाबाईंच्या गुडघ्याखाली ठेवली. गुडघा खाली दाबायचा, मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. गिरजाबाईंनी दाबून पाहिलं. मांडी थरथरली आणि कपाळावर घाम आला. एवढंसं तर काम!

"श्वास रोखू नका हं," सुलोचनाबाई म्हणाल्या.

गिरजाबाईंनी हळूच विचारलं, "बाई, आकडे मोजन्याच्या जागी महादेवाचं नाव घेतलं तं चालन का?"

सुलोचनाबाई हसल्या. "सावकाश तीनदा 'ओम नमः शिवाय' म्हणा. तेवढाच वेळ होतो. आणि तोंडानं म्हटलं की श्वासही अडकत नाही."

खोलीत दोन लाकडी पायऱ्या करून ठेवल्या होत्या. त्यांवर चढायचं कसं तेही त्यांनी दाखवलं. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गिरजाबाईंनी मान डोलावली आणि तसं करूनही दाखवलं.

महादेवाचं नाव त्यांच्या तोंडी आलं ते उगीच नव्हे. त्यांच्या गावी, अड्याळला, तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, महादेवाचं लहानसं देऊळ आहे. अकरा पायऱ्या चढल्या की देवाचं दार. तिथे रोज सकाळी दिवा लावायचा गिरजाबाईंचा नेम होता. काही मागण्यासाठी धरलेला नेम नव्हता तो. सासू दिवा लावत होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी निरांजन गिरजाबाईंनी हाती घेतलं, त्याला आता सतरा वर्षं झाली होती. विटाळाचे आणि सुतकाचे दिवस सोडले तर एक सकाळ चुकली नव्हती. पाय मोडला त्या दिवसापासून शेजारच्या पार्वताबाई त्यांच्या नावानं दिवा लावत होत्या. नेम देवाच्या हिशेबी मोडला नव्हता, पण गिरजाबाईंच्या जिवाला चैन नव्हतं. महाशिवरात्रीला दिवा आपल्या हातानं लावायचा, असं त्यांनी मनात धरलं होतं.

घरी सुनेनं, चंद्रकलेनं, व्यायामाचं मनावर घेतलं. सासूला ती मामी म्हणायची. सकाळी चहा व्हायच्या आधी ती पंचा घेऊन खाटेपाशी उभी राहायची.

"मामी, झाले का दहा?"

"सात झाले. तू मधात बोलली, आता पुन्हा नाव घेतो."

यादोराव ओसरीवरून पाहत. "बसल्या जागी मेहनत! असं तं मी बी दिवसभर करीन."

"करून पाहा ना, मामाजी," चंद्रकला म्हणाली. ती आत गेल्यावर यादोरावांनी धोतर सावरून खाटेवर बसून, कुणी पाहत नाही असं बघून, खरंच करून पाहिलं. चौथ्या वेळी त्यांच्या पोटरीत गोळा आला. 

पार्वताबाईंचं तोंड मात्र कुणी बंद करू शकत नसे. "अवं गिरजे, आंगन झाडलं असतं तं हात-पाय दोनी हालले असते. हे पंचा दाबून काय होते?"

गिरजाबाई नाव घेत दाबत राहत.

आणि होतही होतं. पौष सरता सरता काठी सुटली. खाटेच्या काठावर बसून पाय सरळ करता येऊ लागला. एसटीची उंच पायरी पहिल्यांदा कुणाच्या आधाराशिवाय चढल्या तेव्हा कंडक्टर म्हणाला, "सावकाश, बाई, गाडी कोठी पळून नाई राहिली." डावा पाय वर, मग उजवा. चढल्या. दवाखान्यात टेपवरचा फरक एक इंचावर आला. सुलोचनाबाईंनी सांगितलं, खाली वाकून काही उचलायचं तर ते अंगाजवळ धरून उचला, लांब हातानं नाही, आणि उकिडवं फार वेळ बसू नका. गिरजाबाई सगळं ऐकत होत्या.

माघाच्या पहिल्या आठवड्यात, कुणाला न सांगता, त्या एका पहाटे तलावाकडे गेल्या. सोबत निरांजन नव्हतं, फक्त चढून पाहायचं होतं. पायऱ्यांसमोर त्यांनी हात जोडले, पाय उचलला आणि पहिली पायरी कशीबशी घेतली. दुसऱ्या पायरीवर गुडघा असा मुडपला की त्या तिथेच मटकन बसल्या. पडल्या नाहीत इतकंच. बराच वेळ बसून राहिल्या. दोन दिवसांनी पुन्हा गेल्या. पुन्हा तेच झालं, तेही पहिल्याच पायरीवर.

एसटीत चढता येतं, दवाखान्यातल्या पायऱ्या चढता येतात. मग इथंच काय होतं? घरी येताना त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो मग काही केल्या निघेना. देवालाच आपण नको आहोत. आपल्या हातून काहीतरी चुकलं असेल, म्हणून तो आपल्याला दारातून परत पाठवतो आहे.

दुसऱ्या दिवशी चंद्रकला पंचा घेऊन आली तेव्हा गिरजाबाई म्हणाल्या, "ठेवून दे बाई. कायले आता."

चार दिवस पंचा खुंटीला लटकत राहिला. गुरुवार आला तेव्हा चंद्रकलेनं जवळजवळ ओढूनच सासूला भंडाऱ्याला नेलं. रस्ताभर गिरजाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

सुलोचनाबाईंनी टेप लावली आणि चष्म्यावरून पाहिलं. "फरक तसाच आहे. व्यायाम सोडला का?"

"मामी गुपचूप देवळात जाऊन आल्या," चंद्रकला म्हणाली. तिला ते शेळ्या चारणाऱ्या बाईकडून कळलं होतं. "तिथं गुडघा मुडपला. तवापासून अशाच बसून राहते."

गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुमच्या इथं चढता येते, गाडीत चढता येते. देवाच्याच पायरीवर पाय दगा देते. त्यालेच मी नको हाय."

सुलोचनाबाईंनी टेप गुंडाळून ठेवली. मग त्यांनी लाकडी पायऱ्यांकडे बोट केलं. "मावशी, हे देऊळ आहे असं समजा. तुम्ही तिथं कशा चढता, तसंच चढून दाखवा."

गिरजाबाई पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटून हात जोडले आणि पाय उचलला.

उजवा.

"थांबा!" सुलोचनाबाईंनी त्यांचा दंड धरला.

चंद्रकलेनं कपाळावर हात मारला. "अव बाप्पा! मामी!"

"देवाच्या दारी उजवाच पाय आधी टाकते ना," गिरजाबाई गोंधळून म्हणाल्या. "गाडीत डावा टाकला तं चालते. देवापाशी डावा कसा टाकू?"

"मावशी, जो पाय आधी वर जातो, त्यालाच सगळं वजन उचलावं लागतं. तुमचा उजवा पाय चालायला तयार आहे, तुम्हाला अख्खं वर उचलायला अजून तयार नाही. म्हणून मुडपतो. यात देवाचं काही नाही."

"पन माह्या सासूनं शिकवलं हाय बाई. सतरा वर्षं मी उजवाच टाकून राहिली."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, नाहीतर रागावलं असतं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "नेम तुमचा आहे. त्यात काय चालतं आणि काय नाही, हे मला ठरवता येणार नाही. मला पायाचं तेवढं कळतं. उजवा आधी टाकून अकरा पायऱ्या चढायच्या तर अजून तीन महिने थांबा. घाई केली तर पडाल."

तीन महिने म्हणजे वैशाख. महाशिवरात्र वीस दिवसांवर होती.

त्या रात्री गिरजाबाई जेवल्या, पण काय जेवल्या ते त्यांना कळलं नाही. सकाळी पंचा स्वतःच खुंटीवरून काढला आणि दहा वेळा दाबून झाल्यावर तलावाकडे गेल्या. चढायला नव्हे. पायऱ्यांच्या बाजूला एका दगडावर बसल्या.

चौथ्या पायरीवर दोन शेळ्या रवंथ करत होत्या. सहाव्या पायरीवर कुणीतरी धुतलेलं लुगडं वाळत घातलं होतं. सगळ्यात खालच्या पायरीवर मासे पकडणारे दोघे विडी ओढत बसले होते. पार्वताबाई दिवा लावून खाली येत होत्या. त्यांनी शेळ्यांना हाकललं आणि लुगड्यावरून पाय टाकून पुढे आल्या. गिरजाबाई पाहत राहिल्या. चपला कोणी कुठे काढतं? वर, उंबरठ्याजवळ. घंटा कुठे आहे? वर. डोकं कुठे टेकतात? उंबरठ्यावर. सासूनं त्यांचा हात धरून पहिल्यांदा नेलं होतं तेव्हा ती कुठे म्हणाली होती, उजवा पाय? आठवून आठवून त्यांना आठवलं. दारातच म्हणाली होती. आत जाताना.

त्या उठल्या आणि घरी येऊन चंद्रकलेला म्हणाल्या, "पायऱ्या गावाच्या हायत. देवाचं दार उंबरठ्यापासून. पायऱ्या डाव्यानं चढीन, उंबरठा उजव्यानं."

चंद्रकला बघतच राहिली. "मंग झालंच की!"

"नाई झालं. उंबरठा एक वीत उंच हाय, आतली जमीन बी तेवढीच वर. तिथं उजव्यालेच माहा भार घ्या लागन. चाल, पंचा आन."

पुढच्या गुरुवारी त्यांनी हे सुलोचनाबाईंना सांगितलं. सुलोचनाबाईंनी टेप बाजूला ठेवली. "किती उंच म्हणालात? हातानं दाखवा." गिरजाबाईंनी वीत दाखवली. "एकच पायरी असेल तर जमेल. हाताला धरायला काही आहे?"

"चौकट हाय. दगडाची."

"मग घरी एक वीट ठेवा. भिंतीला हात लावून उजवा पाय विटेवर, अंग वर, डावा वर. मग खाली. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहू द्या, आत वळू देऊ नका. एक वीट सोपी झाली की दुसरी ठेवा. दुखलं तर एकावर परत या. सूज आली तर थांबा आणि पाण्याची ओली पट्टी ठेवा."

विटा यादोरावांनीच आणल्या. परसातल्या ढिगातून चार निवडून, घासून, ओसरीवर भिंतीजवळ मांडल्या. बायको चढायची तेव्हा ते अगदी बाजूला उभे राहायचे, हात थोडे पुढे काढून, धरायचं नसल्यासारखे.

"अजी, तिकडं सरका. तुमच्याच पायात अडकन मी."

"मी कोठी मधात हावो?" म्हणत ते अर्धं पाऊल सरकायचे.

चार दिवसांत एक वीट सोपी झाली. दुसरी ठेवली त्या दिवशी गुडघा संध्याकाळी भरून आला. गिरजाबाईंनी पट्टी ठेवली, एक दिवस एकाच विटेवर काढला आणि मग दुसरी पुन्हा ठेवली.

महाशिवरात्रीला गर्दी व्हायच्या आधी त्या निघाल्या. निरांजन चंद्रकलेच्या हाती दिलं, कारण एक हात मोकळा हवा होता. यादोराव मागे होते. पायऱ्यांपाशी पार्वताबाई तेलाची वाटी घेऊन उभ्याच होत्या.

गिरजाबाईंनी डावा पाय उचलला.

"अवं गिरजे, डावा?" पार्वताबाई ओरडल्या.

"पायऱ्या गावाच्या हायत वं," गिरजाबाई म्हणाल्या आणि चढत राहिल्या. डावा, मग उजवा त्याच्याजवळ. डावा, मग उजवा. सहाव्या पायरीवर त्या थांबल्या, मांडीवर हात ठेवून श्वास घेतला. मागून यादोरावही थांबले. मग उरलेल्या पाच.

उंबरठ्यासमोर त्यांनी चौकट धरली. दगड गार होता. उजवा पाय उचलून आत ठेवला. आता सगळं अंग त्यावर घ्यायचं होतं. मांडी थरथरू लागली, तशीच जशी पहिल्या दिवशी पंच्यावर थरथरली होती. गुडघा किंचित आत वळला. त्यांनी तो बोटांच्या रेषेत आणला आणि नाव घेतलं, श्वास न रोखता. डावा पाय जमिनीवरून सुटला. क्षणभर त्या आपल्या उजव्या पायावर, एकट्या, देवाच्या दारात उभ्या होत्या.

गुडघा मुडपला नाही.

आत आल्यावर त्यांनी चंद्रकलेकडून निरांजन घेतलं, पार्वताबाईंच्या वाटीतलं तेल घातलं आणि वात लावली. हात जोडले आणि सावकाश तीनदा 'ओम नमः शिवाय' म्हटलं.

पार्वताबाई दारातच थांबल्या होत्या. तीन महिन्यांहून जास्त दिवस, थंडीच्या पहाटे, ही बाई रोज इथं चढली होती. तोंडानं टोमणे मारत होती, पण एक दिवस चुकवला नव्हता.

"मंग," पार्वताबाईंनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवत विचारलं, "उद्यापासून मी नाई येऊ?"

गिरजाबाईंनी वळून पाहिलं.

"येजो ना. मले साव्या पायरीवर थांबा लागते. तिथं एकटी कोनासंग बोलू?"

"तुले बोलाले कोनी लागते, हे मले मालूमच हाय," पार्वताबाई म्हणाल्या. त्या आत आल्या, वाटी खाली ठेवली आणि वात बोटानं थोडी पुढे सारली.