रमेश शरमाकर बोली

बाबुलालने आमच्या घरी बसून पहिलंच पान मोठ्याने वाचायला घेतलं आणि मी बाबांकडे पाहिलं.

बाबुलाल भिलाई-३चा केबलवाला. त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साली, त्याने स्वतःचं चॅनल काढलं. त्यावर दाखवायला सहा भागांची हसवणारी हिंदी प्रेमकथा त्याला हवी होती. लिहिणारी मी, विजया, इथल्या स्टील प्लांटमधल्या मारोतराव क्लार्कची मुलगी. गोष्ट सोपी होती. समोरासमोरच्या दोन क्वार्टरांत एकच कुकर उसना फिरतो आणि त्याच्या मागोमाग प्रेमही. दोन शिट्ट्या म्हणजे आई घरात, तीन म्हणजे ये.

खरी गोष्ट दोन मुलींची होती, रंभा आणि रुक्मा. ती लिहिलेली वही मी गव्हाच्या कोठीत लपवली होती. बाबुलालसाठी उतरवताना मी रुक्माचा रमेश केला. कुकर मात्र खराच होता, समोरच्या ताराचा. लोक तिला माझी मैत्रीण म्हणत. माझं तिच्यावर प्रेम होतं, तिचं माझ्यावर. बाबांना हे कळलं की तिचं येणं त्याच दिवशी बंद, हे मी धरूनच चालले होते.

घाईत मी नाव बदललं आणि क्रियापदं तशीच, मुलीची राहिली.

"'रमेश शरमाकर बोली, मैं तेरे बिना चाय नहीं पीती.'" बाबुलाल थांबला. त्याने पानं उलटली. "रमेश रूठ गई. रमेश भीग गई. ये क्या है?"

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. आता कळणार, आत्ता कळणार.

बाबुलाल इतका हसला की बशीत चहा सांडला. "मारोतरावजी, आप मराठी लोग सौ साल भिलाई में रह लो, का-की नहीं सुधरेगा!"

"क्या करेंगे, हमारा ऐसाच है," बाबा म्हणाले आणि हसले. मीही हसले. अख्ख्या जातकुळीच्या हिंदीची अब्रू निघाली, पण एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पण बाबुलालच्या डोक्यावर भिंतीवर माझं प्रमाणपत्र होतं. हिंदीत जिल्ह्यात पहिली. फ्रेम बाबांनीच करून आणली होती. हसताना त्यांनी एकदा तिकडे पाहिलं.

बाबुलाल पानं सुधारायला ठेवून गेला. बाबा लाल पेन्सिल घेऊन बसले. मी आत तांदूळ निवडत होते, निवडलेलेच पुन्हा निवडत होते.

"विजू."

मी गेले. प्रत्येक 'बोली'चं 'बोला' झालं होतं.

"हे जिच्यातून उतरवलं, ती असली वही कुठं आहे?"

"कोणती वही?"

"खोटं नको बोलू बेटा. मले भेव वाटून राहिलं."

बाबांना कधी भीती वाटते हे मला माहीतच नव्हतं. मी कोठीतून वही काढून दिली. आता फाडणार, असं वाटलं. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. पेपरात गुंडाळून ड्युटीच्या पिशवीत घातली.

"माह्या लॉकरात राहीन. चाबी माह्याचजवळ असते. असं घरात ठेवत नसते. सगळेच बाबुलाल नसतात."

माझी भीती कमी झाली नाही. आता ती दोघांची झाली, एवढंच.

बाहेर फाटकाची कडी वाजली. बाबांनी खिडकीतून आधी रस्त्याकडे पाहिलं, डावीकडे, मग उजवीकडे.

"जाय, तारा आली," ते हळूच म्हणाले. "आन् दार लावून घेजो."