चिमूटभर पलथण

शाळेतून परत आलेला डबा उघडताना कोणत्या आईबापाच्या मनात धाकधूक नसते? खाल्लं, टाकलं की कुणाला वाटून दिलं! आपल्या या बेकरीवाल्याचं दुखणं मात्र उलटं होतं. त्याच्या लेकीचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा आणि संध्याकाळी पोरगी पोट धरून बसायची.

तिला गहू सोसत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या दिवशी बेकरीवाला भरल्या ताटावरून उठला. उभी गल्ली त्याच्या हातचा पाव खाते आणि पोटच्या पोरीला तोच पाव विष! पण गडी हार मानणारा नव्हता. त्याने तिच्यासाठी खटपट करून तांदळाच्या पिठाचा पाव जमवला. पीठ वेगळं, साचे वेगळे, घासूनपुसून लख्ख केलेल्या भट्टीत पहिला मान तिचा. बायको म्हणाली, "अहो, उकडलेलं अंडं देऊ, रताळं देऊ, फळं देऊ. पावच कशाला हवा?"

झालं, याचा पारा चढला. "बेकरीवाल्याच्या मुलीच्या डब्यात पाव नाही? लोक हसतील मला!"

तरी लेकीच्या, म्हणजे बबडीच्या, अंगाला काही लागेना. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "अजून गहू पोटात जातोय. कुठून, ते शोधा."

शोधायला वेळ कुणाला होता? घरी येताच त्याने लेकीला समोर उभं केलं.

"कुणाच्या डब्यातलं खातेस? खरं सांग!"

"कुणाच्याच नाही, बाबा."

"खोटं बोलू नकोस!"

बबडी रडली नाही की भांडली नाही. दप्तर उचलून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती मधल्या सुट्टीत मैत्रिणींना सोडून एकटीच कोपऱ्यात बसू लागली, पुन्हा कुणी तसं म्हणायला नको म्हणून.

बायकोने हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्या तडक बेकरीत येऊन उभ्या राहिल्या.

"पोरीची उलटतपासणी झाली म्हणे. आता तुमच्या टेबलाची करू. तिचा पाव करून दाखवा बरं."

"खुशाल बघा!" तो म्हणाला. त्याने हात धुतले, टेबल धुतलं, तांदळाचं पीठ मळलं. गोळा तोडून वळायला घेतला आणि त्याचा उजवा हात आपसूक शेजारच्या डब्यात गेला. टेबलावर चिमूटभर पीठ भुरभुरलं.

"हे काय टाकलंत?"

"हे होय? हे पलथण. गोळा चिकटू नये म्हणून."

"कशाचं?"

बेकरीवाल्याने डब्यात वाकून पाहिलं. गव्हाचं! मिसरूड फुटायच्या आधीपासूनची हाताची सवय ती. पलथणाला त्याने कधी पीठ म्हणून मोजलंच नव्हतं. म्हणजे रोज, स्वतःच्या हाताने!

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "तुमची माया खोटी नाही हो," त्या म्हणाल्या. "पण या आजारात चिमूटभरसुद्धा चालत नाही. तिचं पोट होईल बरं. तुम्ही तिला खोटारडी ठरवलंत ना, त्यावर माझ्याकडे औषध नाही. ते तुम्हालाच द्यावं लागेल."

बेकरीवाला तसाच घरी गेला. लेकीसमोर बसला, पण तिच्याकडे बघवेना.

"बबडे, चुकलो मी. तू खरंच सांगत होतीस. गहू मीच घालत होतो. आता टेबल नवं आणतो, पलथण तांदळाचं घेतो, तुझा पाव आता..."

"बाबा, पाव नको ना," ती हळूच म्हणाली. "मला तो आवडायचाच नाही. कोरडा लागायचा. तू पहाटे उठून करायचास, म्हणून मी संपवायचे."

बेकरीवाल्याने लेकीला जवळ ओढलं आणि दोघंही पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी घरच्या स्वयंपाकघरात बबडीला विचारून डबा भरला गेला. अंडं, रताळं, फळं. झाकण बेकरीवाल्यानेच लावलं.

मंडळी, एखादा पदार्थ न सोसणारं लेकरू तुमच्याआमच्या घरातही असू शकतं. त्याचा डबा आपली हौस किंवा अब्रू मिरवायला भरू नका, त्याच्या पोटाला विचारून भरा. आणि पोर 'दुखतंय' म्हणालं, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी आपले हात एकदा नीट बघा!